चार बॅरलचा कार्बोरेटर ट्यून करताना: शेव्हरोले 350 वरचा हॉली 600

शेव्हरोलेचं 350 क्युबिक इंचांचं व्ही-8 इंजिन 1967 मध्ये कॅमारोतून बाजारात आलं आणि पुढची कित्येक वर्षं अमेरिकेतल्या मोटारींत आणि पिकअप ट्रकांत बसत राहिलं. जुनी गाडी जपणारे लोक अशा इंजिनावरचा मूळ कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, काढून अनेकदा हॉली कंपनीचा 600 सीएफएमचा (मिनिटाला 600 क्युबिक फूट हवा सोडणारा) फोर-बॅरल, म्हणजे हवेच्या चार नळ्यांचा, लावतात. त्याचा लिस्ट नंबर, म्हणजे मॉडेलचा क्रमांक, 1850. मागची दोन बॅरल व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या ओढीवर, उघडणारी, चोक हाताने ओढायचा. रचना इतकी साधी आणि सुटे भाग इतके सहज मिळणारे, की फोर-बॅरल शिकायचा असेल तर याच्यावर शिकावा.

आधी आकाराबद्दल, कारण इथेच पुष्कळ जण फसतात. चार स्ट्रोक इंजिनाला किती हवा लागते हे काढायला क्युबिक इंचांना आरपीएमने गुणायचं आणि 3456 ने भागायचं. 350 इंचांचं इंजिन 5500 आरपीएमवर असेल तर उत्तर येतं 557 सीएफएम. पण रस्त्यावरच्या साध्या इंजिनाचे सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, साधारण 85 टक्केच भरतात. म्हणजे खरी गरज 473 सीएफएमच्या आसपास. 600 चा कार्बोरेटर या इंजिनाला पुरून उरतो. 750 किंवा 850 चा बसवला की थ्रोटमधून, म्हणजे बॅरलच्या गळ्यातून, हवा संथ जाते, पेट्रोलचं नीट धुकं होत नाही आणि खालच्या आरपीएमला पिकअप मरतो. गाडी शर्यतीसाठी बांधली नसेल तर मोठ्या आकड्याचा मोह टाळावा.

पुढची दोन बॅरल म्हणजे प्रायमरी, मागची दोन सेकंडरी. रोजच्या चालवण्यात काम जवळजवळ सगळं प्रायमरीचं असतं. पाय दाबला, आरपीएम वाढले, हवेची मागणी वाढली की सेकंडरी उघडतात. पेट्रोल मात्र एकाच वाटेने येत नाही. गाडी स्लोला (पाय न देता इंजिन चालू ठेवून) उभी असताना आयडल सर्किट पेट्रोल देतं. बटरफ्लाय, म्हणजे बॅरलमधली हवेची झडप, जरा उघडला की त्याच्या कडेला असलेल्या उभ्या फटीतून, म्हणजे ट्रान्सफर स्लॉटमधून पेट्रोल येऊ लागतं. त्यापुढे मेन जेट, म्हणजे ठरावीक मापाचं पेट्रोलचं भोक, जोर लागला की पॉवर व्हॉल्व्ह, आणि ॲक्सिलरेटर दाबला त्या क्षणी पंपाची पिचकारी. तक्रार आली की पहिला प्रश्न हाच विचारायचा: दोष यातल्या कोणत्या वाटेच्या वेळी दिसतो? स्लोला थरथरणारी गाडी मेन जेट बदलून सुधारत नाही.

कार्बोरेटरला हात लावण्याआधी

कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. याचं कारण व्यवहाराचं आहे. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे असेल तर इंजिन स्लोला ओढत नाही, मग माणूस स्पीड स्क्रू आत फिरवून बटरफ्लाय जास्त उघडतो, आणि तिथून पुढे कार्बोरेटरचं सगळं गणित बिघडतं.

म्हणून स्पार्क प्लग, वायरी, कॅप आणि रोटर आधी पाहायचे. पॉइंटवाला डिस्ट्रिब्यूटर असेल तर ड्वेल (पॉइंट बंद राहतात तो कोन) 30 अंशांच्या आसपास आणि प्लगचा गॅप 0.035 इंच. फायरिंग ऑर्डर 1-8-4-3-6-5-7-2. डिस्ट्रिब्यूटरवरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (व्हॅक्यूमने ठिणगी लवकर पाडणाऱ्या भागाची) नळी काढून तिचं तोंड बंद करायचं आणि टायमिंग लाइटने बघायचं: साध्या कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) 350 ला स्लोला 8 ते 12 अंश आणि 3000 आरपीएमच्या पुढे एकूण 34 ते 36 अंश, हा चांगला आरंभ.

मग हवेची गळती. कार्बोरेटरखालचं पॅकिंग, मॅनिफोल्डचं (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांचं) पॅकिंग, ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्ही व्हॉल्व्हची (क्रँककेसमधले वायू परत इंजिनात नेणाऱ्याची) नळी, वापरात नसलेल्या टोकांवरच्या रबरी टोप्या. जुन्या गाडीत या टोप्याच चिरलेल्या सापडतात. एकेक नळी चिमट्याने दाबून इंजिनाच्या आवाजात फरक पडतो का ते पाहायचं. कार्बोरेटरचे नट मात्र जोर लावून आवळू नयेत. 60 ते 80 इंच-पौंड, म्हणजे छोट्या पान्याने मनगटाच्या बळावर, एवढंच पुरतं. जास्त आवळले तर बेसप्लेट वाकते, बटरफ्लाय अडकतात आणि जी गळती थांबवायची होती तीच वाढते.

पेट्रोलचा दाब गेजने मोजावा. 5 ते 7 पीएसआय हवा. जास्त असेल तर नीडल, म्हणजे पेट्रोल अडवणारी सुई, बसत नाही आणि कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो. कमी असेल तर लांब चढावर बाउल, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी, रिकामा पडतो, आणि तेव्हा दिसणारं लक्षण हुबेहूब लहान जेटसारखं असतं. जेट बदलण्याआधी स्वस्तातला फिल्टर बदलावा ही जुन्या मिस्त्रींची शिस्त बरोबरच आहे.

काम उघड्या जागेत करायचं, कारण बंद गॅरेजमधला धूर जीव घेतो. पेट्रोलसाठी चालणारा अग्निशामक हाताशी ठेवायचा, आणि स्टार्टर फिरत असताना थ्रोटमध्ये वाकून पाहायचं नाही. कार्बोरेटरमधून फटाका वाजला तर ज्वाला वरच्या दिशेने येते.

फ्लोटची पातळी

फ्लोट म्हणजे बाउलमधला तरंगता भाग; पेट्रोल किती वर यावं ते तोच ठरवतो. बाउलमधल्या पेट्रोलच्या उंचीवर पुढची सगळी सर्किटं अवलंबून असतात, म्हणून समायोजनाची सुरुवात इथून. गाडी सपाट जागेवर हवी. इंजिन गरम होऊन स्लोला चालू द्यायचं, मग बंद करायचं, बाउलच्या बाजूला असलेला प्लग खाली चिंधी धरून काढायचा आणि पुन्हा चालू करून पाहायचं. पेट्रोल भोकाच्या खालच्या कडेशी आलेलं असावं: गाडी हलवली तर थेंब येईल, एरवी वाहणार नाही.

पातळी बदलायला बाउलच्या वरचा स्क्रू सैल करायचा आणि त्याखालचा नट फिरवायचा. घड्याळाच्या दिशेने फिरवला की पातळी उतरते, उलट फिरवला की चढते. एका वेळी नटाची एकच बाजू, म्हणजे फेरीचा सहावा भाग. स्क्रू सैल असताना इंजिन चालू ठेवू नये, तिथून पेट्रोल उडतं आणि खाली तापलेलं एक्झॉस्ट असतं. पुन्हा आवळून, एखादं मिनिट चालवून मग पातळी बघायची.

मागच्या बाउलमध्ये एक खोच आहे. सेकंडरीमधून स्लोला फारच थोडं पेट्रोल जातं. त्यामुळे फ्लोट खाली केला तरी आधी भरलेलं पेट्रोल तसंच राहतं आणि आपल्याला वाटतं की नट फिरवून काही झालंच नाही. बाउलच्या खालच्या स्क्रूतून थोडं पेट्रोल डब्यात काढायचं, बाउल पुन्हा भरू द्यायचा आणि मग पाहायचं.

बटरफ्लायची जागा

सगळ्यात जास्त वेळ द्यावा असं हे ठिकाण, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही याच्याकडेच होतं.

कार्बोरेटर काढून उलटा धरला की प्रायमरी बटरफ्लायच्या कडेपाशी ट्रान्सफर स्लॉटचं खालचं टोक दिसतं. स्लो स्पीडला या फटीचा फक्त 0.020 ते 0.040 इंच भाग, म्हणजे अर्धा ते एक मिलिमीटर, बटरफ्लायखाली दिसायला हवा. फट जेवढी रुंद तेवढीच उंच दिसली, म्हणजे एक छोटा चौकोन दिसला, की जागा बरोबर.

बटरफ्लाय यापेक्षा जास्त उघडा असेल तर स्लॉटमधून स्लोलाच पेट्रोल येऊ लागतं. मग मिक्श्चर स्क्रू (स्लोचं पेट्रोल कमी-जास्त करणारे) पूर्ण आत घेतले तरी इंजिन बंद पडत नाही, गाडी पेट्रोल खाते, धुराने डोळे चुरचुरतात. शिवाय पाय ठेवताच जे पेट्रोल स्लॉटमधून नव्याने यायला हवं ते आधीच खर्च झालेलं असतं, म्हणून गाडी अडखळते. लोक तेव्हा पंपाचा नोझल मोठा करत बसतात. बटरफ्लाय अगदी बंद असेल तर उलट: स्लॉट पूर्ण झाकला जातो आणि पाय ठेवल्यावर क्षणभर काहीच येत नाही.

आता इंजिनाला स्लोला चालायला जी हवा लागते ती या छोट्या उघडीतून पुरत नसेल तर काय करायचं? मागच्या बटरफ्लायची मदत घ्यायची. सेकंडरीचा एक छोटा स्टॉप स्क्रू असतो, बहुधा खालच्या बाजूने, कार्बोरेटर काढल्याशिवाय न दिसणारा. तो लिव्हरला जेमतेम टेकेपर्यंत आणायचा आणि तिथून पाव ते अर्धा फेरा आत घ्यायचा. उरलेली हवा मागून येते आणि पुढचे बटरफ्लाय आपल्या चौकोनावर राहतात. मोठ्या कॅमच्या इंजिनांत हा उपाय फार कामाचा आहे. सेकंडरी पूर्ण बंद मात्र ठेवू नयेत, बोअरला घासून अडकतात.

कार्बोरेटर परत बसवल्यावर प्रायमरीचा स्पीड स्क्रू लिव्हरला लागल्यापासून किती फिरवला आहे ते लिहून ठेवावं. पुढे तो बराच जास्त फिरवावा लागला तर समजायचं की दोष दुसरीकडे आहे. कार्बोरेटर न काढता तपासायची युक्तीही आहे. बटरफ्लायच्या वर असलेल्या पोर्टेड टोकाला, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरच्या नळीसाठी असलेल्या टोकाला, व्हॅक्यूम गेज लावा. स्लोला तिथे काटा जवळजवळ शून्यावर हवा. चांगला व्हॅक्यूम दिसत असेल तर बटरफ्लाय जास्त उघडे आहेत.

मिक्श्चर स्क्रू

गेज आता मॅनिफोल्डच्या टोकाला. इंजिन पूर्ण तापलेलं, चोक पूर्ण उघडा. दोन्ही स्क्रू हलकेच टेकेपर्यंत आत घ्यायचे. आवळायचे नाहीत, टोक दबलं तर स्क्रू कायमचा बिघडतो. मग प्रत्येकी दीड फेरा बाहेर. इथून एका बाजूचा आठवा भाग, मग दुसऱ्या बाजूचा आठवा भाग, असं आलटून पालटून फिरवत गेजचा काटा सगळ्यात वर न्यायचा. प्रत्येक वेळी इंजिनाला स्थिरावायला काही सेकंद द्यायचे. व्हॅक्यूम वाढला की आरपीएमही वाढतात. ते स्पीड स्क्रूने परत खाली आणायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. दोन-तीन फेऱ्यांत काटा आणखी वर जाणं थांबतं. शेवटी दोन्ही स्क्रू सारखेच, किंचित आत, आरपीएम जेमतेम वीसेकने उतरेल इतके. दोन्ही बाजूंत अर्ध्या फेऱ्याहून जास्त फरक राहिला तर एका बाजूचा आयडल मार्ग कचऱ्याने अडला आहे किंवा त्या बाजूला हवा गळते आहे.

साध्या कॅमच्या तंदुरुस्त 350 ला समुद्रसपाटीवर 18 ते 20 इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम मिळावा. न्यूट्रलमध्ये 700 ते 800 आरपीएम ठीक. ऑटोमॅटिक गाडीचं शेवटचं समायोजन ड्राइव्हमध्ये करतात, पण चाकांना लाकडी ठोकळे, हँडब्रेक, आणि आत ब्रेकवर पाय ठेवून बसलेला माणूस असल्याशिवाय तसं करू नये.

स्क्रू आत-बाहेर करून काहीच फरक पडत नसेल तर दोन संशयित. पहिला वर सांगितलेला उघडा बटरफ्लाय. दुसरा फाटलेला पॉवर व्हॉल्व्ह.

पॉवर व्हॉल्व्ह

हा पडद्याचा व्हॉल्व्ह आहे. स्लोला आणि सावकाश चालवताना मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम त्याला बंद धरून ठेवतो. चढ आला, पाय दाबला, व्हॅक्यूम कोसळला की तो उघडतो आणि मेन जेटच्या जोडीला जादा पेट्रोल देतो. यामुळेच जेट काटकसरीचे ठेवता येतात. त्यावर 65 कोरलेलं असेल तर तो 6.5 इंचांवर उघडतो. स्लोचा व्हॅक्यूम 12 इंचांच्या वर असेल तर 65 चालतो. मोठ्या कॅममुळे तो 9 वर आला असेल तर निम्मा धरायचा, म्हणजे 45. तिथे 65 ठेवला तर व्हॅक्यूमची छोटी हेलकावणीही त्याला अवेळी उघडते, आणि स्लोला मिक्श्चर घट्ट होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं.

जुन्या हॉलीमध्ये एका जोरदार फटाक्यानेही पडदा फाटायचा. 1992 पासूनच्या कार्बोरेटरांत त्यापासून वाचवणारी छोटी गोळी बसवलेली असते. जुन्यातही ती बसवता येते आणि बसवावीच.

पाय दाबताच अडखळणं

इंजिन बंद ठेवून थ्रोटमध्ये पाहा आणि थ्रोटल किंचित हलवा. हललं त्याच क्षणी दोन्ही धारा सुटायला हव्यात. आधी थोडा रिकामा खेळ आणि मग धार, असं असेल तर पंपाचा लिव्हर सैल आहे. थ्रोटल पूर्ण उघडल्यावर लिव्हर आणखी 0.015 इंच दाबता यायला हवा, फीलर गेजने बघा. एवढी जागा नसेल तर पडदा ताणून फाटतो.

ते बरोबर असूनही अडखळत असेल तर धूर पाहा. आधी अडखळून, कधी वर फटाका वाजून मग गाडी उचलते, तर पेट्रोल कमी पडतंय. काळ्या धुराचा झोत टाकून जड उचलते, तर जास्त होतंय. नोझलवरचा नंबर इंचाच्या हजाराव्या भागात असतो: 25 म्हणजे 0.025 इंच. एका वेळी तीनचा फरक करावा, 25 वरून 28. धार किती वेळ आणि कधी लागते हे पंपाच्या रंगीत प्लास्टिक कॅमवर ठरतं, पण आधी नोझल.

जेट

1850 नंबरच्या हॉलीत प्रायमरीला 66 नंबरचे जेट येतात. मागे जेट नसतात, ठरावीक भोकांची एक प्लेट असते, त्यामुळे तिथे बदल करायचा तर प्लेटच बदलावी लागते. जेट पारखायचा तो सपाट रस्त्यावर, स्थिर वेगाने, ताशी 80 ते 90 किलोमीटरला. पाय स्थिर असताना गाडी आपोआप पुढे-मागे ओढल्यासारखी चालत असेल तर जेट लहान आहे. बदल नेहमी दोन नंबरांनी आणि दोन्ही बाजूंना सारखा. बाउल उघडला की त्याची पॅकिंगं आणि स्क्रूखालचे वॉशर नवे घालावेत. एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर (एका भाग पेट्रोलमागे किती भाग हवा ते दाखवणारा) लावता आला तर सोन्याहून पिवळं: क्रूझला, म्हणजे स्थिर वेगाला, 14 ते 15, पूर्ण थ्रोटलला 12.5 ते 12.8. प्लगच्या रंगावरून सांगणं आताच्या शिसेविरहित पेट्रोलमुळे पूर्वीइतकं खात्रीचं राहिलेलं नाही.

उंची बदलली की हवा विरळ होते. दर 2000 फुटांना जेट एक नंबर लहान, हा हॉलीचा ढोबळ नियम. 5280 फुटांवरच्या डेन्व्हरमध्ये 66 चे 63 किंवा 64 होतात, आणि व्हॅक्यूमही पाचेक इंचांनी कमी दिसतो. तो दोष नाही. पुणं साधारण 1800 फुटांवर आहे, म्हणजे मुंबईत लावलेली गाडी घाट चढून आली तर फरक जेमतेम एका नंबराचा. तेवढ्यासाठी बाउल उघडायची गरज नाही.

भारतात जुन्या अमेरिकन गाड्या सांभाळणाऱ्यांना उंचीपेक्षा इथेनॉल जास्त छळतं. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे 14.7 भाग हवा लागते, 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्याला सुमारे 13.5. त्याच जेटमधून आलेलं मिक्श्चर जवळजवळ 8 टक्क्यांनी पातळ पडतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. शुद्ध पेट्रोलवर नीट चालणारा जेट साधारण दोन नंबरांनी वाढवावा लागतो, आणि मिक्श्चर स्क्रूही थोडे बाहेर येतात. जुने पंपाचे पडदे आणि रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात, म्हणून ते इथेनॉल सोसणारे घ्यावेत. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर बाउल रिकामे करून ठेवावेत. इथेनॉल ओलावा शोषतं आणि बाउलमध्ये पांढरी बुरशीसारखी पूड धरते.

सेकंडरी

व्हॅक्यूमवर उघडणाऱ्या सेकंडरी न्यूट्रलमध्ये रेस देऊन उघडत नाहीत. इंजिनावर भार नसतो, हवेची मागणीच तेवढी नसते. हे माहीत नसल्यामुळे चांगले कार्बोरेटर बिघडलेले ठरवले जातात, आणि मग कुणीतरी लिंकेजमध्ये स्क्रू घालून त्या जबरदस्तीने उघडतो. तसं कधीच करू नये. मागे पंपाची पिचकारी नाही, त्यामुळे अचानक उघडल्या की गाडी गप्प बसते.

खरोखर उघडतात का ते पाहायला सेकंडरी उघडणाऱ्या पडद्याच्या दांड्याला कागद अडकवायची एक क्लिप पडद्याच्या डबीच्या तळाशी टेकवून अडकवा आणि मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर एकदा पूर्ण थ्रोटल द्या. क्लिप जेवढी खाली सरकली तेवढ्या सेकंडरी उघडल्या. या पडद्याच्या स्प्रिंगा रंगाने ओळखतात: पांढरी सगळ्यात हलकी, मग पिवळ्या, जांभळी, साधी, तपकिरी आणि सगळ्यात कडक काळी. हलकी स्प्रिंग घालत जा. मधल्या वेगात अडखळल्याचा झटका जाणवला की एक पायरी मागे या आणि तिथे थांबा. उघडताना लाथ बसल्यासारखं जाणवणं ही ताकदीची खूण नव्हे. चांगल्या लावलेल्या सेकंडरी कधी उघडल्या ते कळतही नाही.

हॉलीऐवजी एडेलब्रॉक किंवा क्वाड्राजेट कार्बोरेटर असेल तर क्रम हाच राहतो, भाग बदलतात. तिथे पॉवर व्हॉल्व्हऐवजी जेटमध्ये वरखाली होणारे मीटरिंग रॉड आणि स्प्रिंग असतात. एडेलब्रॉकचे रॉड तर पेट्रोल न सांडता वरूनच बदलता येतात. एडेलब्रॉकला पेट्रोलचा दाब मात्र 6.5 पीएसआयच्या वर जाऊ देऊ नये.

एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलाआधीचा आकडा वहीत: टायमिंग, व्हॅक्यूम, स्क्रूचे फेरे, जेट, नोझल, स्प्रिंग. उन्हाळ्यात गाडी वेगळी वागली की हीच वही काढून आधी फ्लोट आणि टायमिंग त्याच आकड्यांवर आहेत का, ते पाहायचं.